आमच्या चर्चमधली प्लेसमेंट

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात दारामागे एक पिशव्यांची पिशवी टांगलेली असते ना, तसं ते असतं. त्यातली एकही पिशवी आपण मुद्दाम आणलेली नसते, आणि एक दिवस बघावं तर दार उघडत नाही!

आमच्या जुन्नरच्या चर्चमधल्या किश्श्यांचं माझ्याकडे असंच झालंय. त्याला कारण आमचे पाळकसाहेब. तरुण माणूस, उत्साही. मागे ते पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक नवीन शब्द घेऊन आले. प्लेसमेंट! म्हणजे चर्चमध्ये नवीन आलेल्या माणसाला नुसतं बाकावर बसवून ठेवायचं नाही. त्याचं कृपादान, म्हणजे देवाने त्याला दिलेला गुण, ओळखायचा आणि त्याला साजेशी सेवा जोडून द्यायची. नाहीतर माणूस येतो, बसतो, आणि एक दिवस यायचा बंद होतो. यात खोटं काहीच नव्हतं.

मीटिंगला आमचे आबा होते. आबा म्हणजे मंडळीतले सगळ्यात जुने वडीलधारे. उन्हाळा असो की पावसाळा, अंगात काळा कोट. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्लेसमेंट म्हंजी कॉलेजात असती तीच ना? मग पगार किती देनार?"

"आबा, ही सेवा आहे."

"मग सेवाच म्हना की. उगं मानसाला आशा लागती!"

पाळकसाहेबांनी ते मनावर घेतलं नाही. ते म्हणाले, "हे काम सिस्टरांनी करावं. त्यांना माणसाची नस बरोबर सापडते."

सिस्टर म्हणजे मी. सरकारी दवाखान्यात नर्स होते, रिटायर झाले, पण हाक तीच राहिली.

आबा म्हणाले, "नस न्हाई साहेब. सिस्टरला फकस्त कंबर सापडती."

सगळे हसले, पण जरा जपूनच हसले. त्या खोलीतल्या एकूण एक कंबरेला माझं इंजेक्शन गेलेलं होतं!

अशी माझी नेमणूक झाली.

*

माझी पहिली केस दाविदसाहेब. बँकेत बदली होऊन आलेले. धिप्पाड माणूस, आणि आवाज असा की त्यांनी "सलाम, सिस्टर!" म्हटलं की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची.

मी विचारलं, "तुम्हाला आवड कशाची?"

"गाण्याची! आधीच्या गावी मी क्वायरमध्ये होतो."

किती दिवस होतात, हे मी विचारायला पाहिजे होतं. पण मी नवीन होते, खूश झाले. लगेच क्वायरमध्ये उभं केलं.

रविवारी हार्मोनियमवाल्या सरांनी काळी चारचा सूर दिला. दाविदसाहेबांनी तो नम्रपणे नाकारला आणि स्वतःचा लावला. सर बिचारे त्यांच्या सुरात गेले, तर साहेब तिथूनही निघून गेले! दुसऱ्या कडव्याला सरांनी भाता थांबवला आणि हात जोडून डोळे मिटले. लोकांना वाटलं प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेब एकटेच शेवटपर्यंत गायले.

आता हे त्यांना सांगायचं कुणी? निम्म्या मंडळीची खाती त्यांच्याच बँकेत! पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच बघा." मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. माजी काय तक्रार न्हाई."

मग एका रविवारी उपासना चालू असताना बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल आडवी लावून गेलं. उसाची ट्रॉली अडकली, मागे एसटी अडकली, हॉर्न सुरू झाले. आमचं चर्च पेठेतल्या बोळाच्या तोंडाशी आहे, तिथे सायकल जरी कलली तरी बाजार बंद पडतो. दाविदसाहेब ताडताड बाहेर गेले आणि पायरीवरून ओरडले, "लाल गाडी कुणाचीऽऽ? बाजूला घ्याऽऽ!"

हार्मोनियमवाले सर उभेच राहिले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत सिस्टर? काळी चार! बरोब्बर काळी चार!"

तेव्हापासून दाविदसाहेब गेटवर असतात. पाळकसाहेबांनी त्याला 'स्वागत विभाग' असं नाव दिलंय, त्यामुळे साहेबांना वाटतं बढती झाली. ती आरोळी ते अजून दर रविवारी देतात. रस्ता मोकळा असला तरी देतात!

*

रूथचं लग्न होऊन ती आमच्या मंडळीत आली. सासू मार्थाबाई तिला घेऊन माझ्याकडे आल्या आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "हिला चहाला लावा. चहा लई झ्याक करती."

बाईमाणूस नवीन आलं की चहाला लावायचं, हा आमचा जुना रिवाज. पाळकसाहेबांच्या पुण्याच्या शिबिरातही तो सुटला नव्हता. मीही लावलं.

पहिल्या रविवारी लोकांनी एक घोट घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. नवी सून, बोलणार कोण? दुसऱ्या रविवारी अर्ध्या लोकांना अचानक ॲसिडिटी झाली. त्यानंतर उपासनेचा शेवटचा आशीर्वाद संपला रे संपला की लोक थेट घरची वाट धरायला लागले. आधी चहाच्या निमित्ताने अंगणात दुपारपर्यंत गप्पा चालायच्या. आता शुकशुकाट!

पाळकसाहेब मला म्हणाले, "सिस्टर, एक गोष्ट लक्षात आली का? मंडळीत गंभीरता आली आहे. लोक संदेश मनात घेऊन गुपचूप घरी जातात."

मी म्हटलं, "मनात काय घेऊन जातात माहीत नाही, पण पोटात काही घ्यायला नको म्हणून जातात."

शेवटी मीच रूथला बाजूला घेतलं. "बाळ, खरं सांग. तुला चहा येतो का?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मावशी, मी चहा पीतच नाही. मला वासच सहन होत नाही. आमच्या घरी आई करायची. लग्न ठरवताना पाहुण्यांना आईनेच करून पाठवला, आणि सासूबाईंना वाटलं मी केला. तेव्हापासून मी अडकलेय!"

"मग तुला येतं काय?"

ती डोळे पुसत म्हणाली, "पिकअप चालवता येते. राहुरीला बाबांचा भाजीचा माल मीच मार्केटला न्यायचे."

आता मार्थाबाईंच्या घरी टोमॅटो वाहायची पिकअप दारातच उभी असते, रविवारी रिकामीच असते. आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या आमच्या म्हाताऱ्या बायका एसटी वेळेवर नसते म्हणून महिनोन्‌महिने चर्चला यायच्या नाहीत. दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर होत्या!

पुढच्या रविवारी बोळाच्या तोंडाशी पिकअप आली. मागे क्रेट उलटे घालून त्यावर म्हाताऱ्या बसलेल्या, पदर कानामागे खोचलेले, सगळ्याजणी जोरजोरात गीत गातायत. पुढे रूथ स्टिअरिंगवर आणि शेजारी मार्थाबाई, हँडल घट्ट धरून, डोळे गच्च मिटून.

उतरल्यावर मी विचारलं, "काय मार्थाबाई, सून कशी चालवती गाडी?"

"लई झ्याक," मार्थाबाई म्हणाल्या. "साऱ्या रस्त्यानं देवाचंच नाव तोंडात व्हतं!"

*

एक हेडमास्तर रिटायर होऊन इकडे राहायला आले. भारदस्त माणूस, बोलणं शुद्ध, सगळे त्यांना गुरुजी म्हणायला लागले. ते स्वतःच म्हणाले, "मला आजाऱ्यांच्या भेटीची सेवा द्या. मला माणसांत रस आहे."

दिली. चूक तिथेच झाली, कारण गुरुजींना माणसांपेक्षा आजारात जास्त रस होता.

एका बाईला पित्ताशयात खडे झाले होते. गुरुजी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काळजी करू नका. आमच्या साडूला अगदी हेच झालं होतं. फार छान माणूस होता."

"होता?" बाई म्हणाल्या.

"आता प्रार्थना करू या," गुरुजी म्हणाले.

अवसरीचे शमुवेलकाका मोटारसायकलवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये. गुरुजी तिथेही पोचले. "पायाचं काही नसतं हो. मार पायाला बसतो, पण जाते ती किडनी!" काकांनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "सिस्टर, मी बरा झालो म्हणून सांगा. कुबड्या घेऊन येतो चर्चला, पन त्यास्नी नका पाठवू!" आणि खरंच आले.

हळूहळू असं झालं की आमच्या मंडळीत कुणी आजारी असल्याचं कळेनाच. मग एकदा आबांना ताप आला. मी स्वतः बघून आले होते, चांगला ताप होता. गुरुजी म्हणाले, "मी जाऊन येतो." मी म्हटलं, मीही येते, म्हाताऱ्या माणसापाशी कुणीतरी असलेलं बरं.

जाऊन बघतो तर आबा ओट्यावर! अंगात कोट, हातात पेपर.

"आबा, तुम्ही आजारी होता ना?" गुरुजींनी विचारलं.

"कोन म्हनलं?"

गुरुजी जरा हिरमुसून परत फिरले. ते कोपऱ्यावरून वळल्यावर आबांनी पेपर खाली ठेवला आणि मला म्हणाले, "सिस्टर, ह्येला म्हनत्यात कृपादान. गुरुजी निगालं म्हनलं की ताप उतरतो!"

गुरुजींची सेवा बदलावी असं मला कितीदा तरी वाटतं. पण नर्स म्हणून सांगते, रिझल्ट चांगला आहे.

*

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली की आमच्याकडे नवीन माणसं जरा जास्तच यायला लागतात. त्या वेळी संभाजीराव नावाचे एक इच्छुक उमेदवार आले. पांढरा कडक झब्बा, मागे पोरांचं टोळकं. मला म्हणाले, "ताई, आम्ही सगळ्याच देवांचे. कोणतीही सेवा सांगा. फक्त माईक असलेली सांगा."

मी म्हटलं, "माईकची सेवा भरली. सतरंज्यांची रिकामी आहे."

माणूस हुशार. जरासुद्धा चेहरा पाडला नाही. एक सतरंजी उचलली, अर्धी पसरली, फोटो काढला, आणि उरलेली अर्धी आम्ही पसरली. दोन दिवसांनी एसटी स्टँडवर मोठा फ्लेक्स! हात जोडलेले संभाजीराव, पायाशी आमची सतरंजी, आणि वर मोठ्या अक्षरात 'आजही सतरंजी उचलणारा तुमचा कार्यकर्ता'.

आबा तो फ्लेक्स बघायला मुद्दाम स्टँडपर्यंत गेले. येऊन म्हणाले, "आपली सतरंजी फोटोत लई सोच्छ दिसती."

पुढे संभाजीराव पडले. सपशेल पडले. टोळकं पांगलं, फ्लेक्स उतरला. कुणीतरी म्हणालं, रस्त्यात भेटले तर मान खाली घालून जातात.

त्यानंतरच्या एका रविवारी मी लवकर चर्च उघडायला गेले तर पायरीवर संभाजीराव बसलेले. साधा शर्ट, एकटेच. आत आले, सगळ्या सतरंज्या बाहेर काढल्या, उन्हात झटकल्या, आणि एकेक आणून पसरायला लागले. कोपरे ओढून सरळ करत होते.

तेवढ्यात आबा आले. दारात थांबून बघितलं.

"काय संभाजीराव, आज फोटोवाला न्हाई आला?"

संभाजीराव वाकलेलेच होते. म्हणाले, "न्हाई आबा. आज नुसती सतरंजीच हाय."

आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

*

आता नाताळाचं सांगते. आणे पठारावरचे बिरूभाऊ दर हिवाळ्यात मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. बिरूभाऊंच्या बायकोचं एक बाळंतपण मी फार अडचणीत केलं होतं, त्यामुळे इकडे आले की ते माझ्याकडे चहाला येतात. मी चर्चमध्ये असले की उपासना संपेपर्यंत मागच्या भिंतीला टेकून घोंगडीवर बसतात. त्यांचा बिरोबा त्यांच्यापाशी, आमचा प्रभू आमच्यापाशी. याबद्दल कधी चर्चासुद्धा झाली नाही.

पण पाळकसाहेबांनी त्यांना बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. नाताळाचं नाटक बसवायचं चाललं होतं. "सिस्टर! खराखुरा मेंढपाळ! याहून साजेशी प्लेसमेंट होणार आहे का?"

मी बिरूभाऊंना विचारलं.

"नाटकात अजून कोन कोन असतंय?"

"देवदूत असतात. बाळाला बघायला पूर्वेकडून राजे येतात, ते असतात."

"मंग मला राजा करा की."

"अहो, पण तुम्ही मेंढपाळ आहात म्हणून..."

"आवो शिस्टर, मेंडकं तर आमी रोजच हाय! वरीसभर त्येच करतुया. येक दिस तरी राजा व्हऊ द्या की राव!"

राजा केलं. मेंढपाळ कुणीच राहिला नाही, म्हणून दाविदसाहेबांच्या डोक्याला मुंडासं बांधलं आणि हातात काठी दिली. मेंढरं मात्र बिरूभाऊंनी खरी दिली, चांगली पाच-सहा.

नाटकाला चर्च खचाखच भरलं. दाविदसाहेब एका हाताने मेंढरांना थोपटत आकाशाकडे बघत होते. मेंढरं अजिबात थोपटून घेत नव्हती. एकाने साहेबांच्या लुंगीचं टोक खायला घेतलं होतं. तेवढ्यात राजांची एंट्री झाली. पडद्याच्या मखमली कापडाचा झगा, डोक्याला सोनेरी कागदाचा मुकुट, पीळदार मिशा, आणि बिरूभाऊ असे डौलात चालत आले की समोरच्या बायका नकळत पदर सावरून बसल्या. गव्हाणीपाशी गुडघा टेकून त्यांनी सोन्याची पेटी ठेवली. पुढचं वाक्य ते विसरले असावेत, कारण मरियेकडे बघून हळूच म्हणाले, "पोरी, सोनं हाय. नीट ठिव. हितं गर्दी लई हाय."

आवाज ऐकल्याबरोबर मेंढरांनी माना वर केल्या. बें बें करत दाविदसाहेबांना ओलांडून, देवदूतांच्या पायांतून, सगळी धावत सुटली आणि राजाला घेरून उभी राहिली! झगा चाटायला लागली.

चर्चमध्ये हशा उसळला. बिरूभाऊ उठले, मुकुट सरळ केला, आणि मेंढरांकडे बघून कडाडले, "आरं, आज न्हाई! आज मी राजा हाय!"

*

स्नेहल विदर्भातली पोरगी, इकडे इंजिनीअरिंगला शिकायला आलेली, हॉस्टेलवर राहायची. तिने उपासना मोबाईलवरून लाइव्ह दाखवायची सेवा घेतली. पाळकसाहेब हरखून गेले. संदेश आता मुंबई, दुबईपर्यंत जाणार!

पहिल्या रविवारी त्यांनी क्षमा या विषयावर जीव ओतून संदेश दिला. उपासना संपल्यावर घाम पुसत तडक स्नेहलकडे आले. "प्रतिसाद कसा आहे?"

"चांगला आहे पास्टर. दुबईहून एका ताईंनी लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

स्नेहलने चाचरत वाचून दाखवलं. "'कॅमेरा जरा डावीकडे घ्या. पाळकांच्या डोक्यामागे क्वायरमधली आमची वहिनी झाकली जातेय. ती आमच्याशी बोलत नाही, पण बरी दिसतेय का तेवढं बघायचंय.'"

*

आणि आता बापूंचं.

बापू भोसरीला एका कारखान्यात फिटर होते. बायको वारली आणि ते जुन्नरला लेकीकडे राहायला आले. लेक त्यांना दर रविवारी चर्चला घेऊन यायची. बापू शेवटच्या बाकावर बसायचे, आणि काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. लेक मला म्हणाली, "सिस्टर, बाबा घरातही बोलत नाहीत. जेवतात आणि भिंतीकडे बघत बसतात. त्यांना कशात तरी गुंतवा, नाहीतर मला भीती वाटते."

मी सगळं करून बघितलं. बायबलमधलं वचन वाचायला सांगितलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. दाविदसाहेबांबरोबर गेटवर उभं केलं, तर लोक सलाम करायचे आणि बापू त्यांच्या चपलांकडे बघायचे. अंगणातल्या झाडांना पाणी घाला म्हटलं. घातलं, पण असं की झाडांनाही अवघडल्यासारखं वाटावं. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, काही माणसांत कृपादान शोधावं लागतं. यांच्यात ते सापडतच नाही."

त्याच सुमारास आबांचं प्रकरण झालं. पावसाळ्यात ते मोठ्या दुखण्यातून उठले, पण हातातली ताकद गेली. भाकरी मोडताना हात थरथरायचे. आणि आमच्या चर्चची घंटा आबाच वाजवतात. स्वतःच्या लग्नाच्या आधीपासून वाजवतात. घंटा वर गच्चीवर, जुनी, पितळी, भयंकर जड. तिचा दोर छतातून खाली व्हरांड्यात येतो. आबा कोटाची बटणं लावून दोर धरायचे, आणि सगळ्या पेठेला कळायचं रविवार आहे.

दुखण्यानंतर पहिल्या रविवारी आबांनी दोर ओढला. काहीच झालं नाही. परत ओढला. वरून एकदाच बारीक आवाज आला, पातेलं कलंडल्यासारखा. आबा कुणाकडे न बघता आत जाऊन बसले.

पाळकसाहेब मला म्हणाले, "कुणीतरी त्यांना सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला तरी दोर देऊ या." मी गेले सांगायला. आबा ओट्यावर बसून कोटाला ब्रश मारत होते. म्हणाले, "काय सिस्टर? काय काम काढलं?" मी म्हटलं, "बीपी बघायला आले." बीपी बघितलं आणि परत आले.

पुढच्या रविवारी मी व्हरांड्यातच उभी राहिले. आबांनी दोर धरला, ओढला, आणि घण्‌ण! घण्‌ण! घण्‌ण! पेठेतली कबुतरं उडाली. आबांनी दोर सोडला, कोट झटकला, आणि ताठ मानेने आत गेले. पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थनेचं सामर्थ्य!"

मला ते पटलं. पण मी नर्स आहे, ते हात मी बघितले होते. म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी मी मागच्या जिन्याने हळूच गच्चीवर गेले.

वर बापू होते. घंटेपाशी अनवाणी बसलेले, एक हात घंटेच्या लोलकावर, आणि नजर दोरावर. खालून दोर जरासा हलला, बापूंनी लोलक आपटला. दोर परत हलला, परत आपटला. एकही ठोका मागे-पुढे नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की मला पुढे पाऊल टाकवेना. मी तशीच खाली उतरले.

उपासनेनंतर नुसतं विचारलं, "बापू, गच्चीवर कशाला जाता?"

बापू पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "वर हवा चांगली असते."

मी कुणाला काही सांगितलं नाही. पण हळूहळू कळलं सगळ्यांना. दाविदसाहेबांना गेटवरून गच्ची दिसते. रूथला पिकअपमधून दिसते. मग गल्लीतल्या दुकानदारांना कळलं. पण सगळा पाऊस गेला, थंडी आली, कुणी चकार शब्द काढला नाही. उलट गुरुजी दर रविवारी आबांना म्हणायचे, "आबा, या वयात काय तो जोर!" आणि आबा म्हणायचे, "जुनं हाड हाय." बापू तिकडे मागच्या बाकावर खाली बघत बसायचे. लेक सांगायची, आता घरी कधीकधी भाजीत मीठ कमी आहे म्हणतात.

मग तो रविवार आला. बापू लेकीबरोबर मंचरला गेले होते, आणि सकाळी परत येताना त्यांची एसटी वाटेत बंद पडली. इकडे उपासनेची वेळ झाली. आबा कोट घालून दोरापाशी येऊन उभे राहिले. दाविदसाहेबांनी गेटवरून गच्चीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी रूथकडे बघितलं. कुणाला तरी वर पाठवावं, तर आता मागच्या जिन्याकडे कुणी निघालं की आबांच्या लक्षात येणारच.

आबांनी दोर हातात धरला होता. पण ओढत नव्हते. नुसते उभे.

वेळ पुढे चालली. गाणारे ताटकळले. शेवटी पाळकसाहेब आतून घाईघाईने आले. त्यांना बिचाऱ्यांना अजूनही काही माहीत नव्हतं. "आबा, उशीर होतोय. घंटा वाजवा ना!"

आबा जागचे हलले नाहीत. दोर तसाच धरून त्यांनी बोळाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले,

"थांबा की साहेब जरा. वरचा यायचाय अजून!"